शर्यतरेषा (मोटार शर्यत)

मोटार शर्यतीच्या सर्किटवर रस्त्याच्या संपूर्ण रुंदीचा उपयोग करून एक फेरी कमीत कमी वेळात पूर्ण करता येईल, अशा वाहनाच्या मार्गास शर्यतरेषा म्हणतात. ही रेषा रस्त्यावर रंगवलेली नसते. चालक ती वळणाचा आकार, रस्त्याचा कल, टायरची पकड आणि पुढील सरळ पट्ट्याची लांबी यांचा विचार करून ठरवतो. अनेक वाहने त्याच मार्गाने वारंवार गेल्यावर टायरच्या रबराचा थर बसतो आणि ती काळसर पट्ट्याच्या रूपाने दिसू लागते. सरळ रस्त्यावर वेग प्रामुख्याने इंजिनाच्या शक्तीवर अवलंबून असतो, तर वळणावर तो चालकाच्या कौशल्यावर अवलंबून असतो. त्यामुळे सारख्याच बनावटीच्या वाहनांच्या शर्यतीत चालकांमधील फरक बहुधा वळणांवर दिसून येतो.

शर्यतरेषेची संकल्पना केवळ बंदिस्त, एकदिशा मार्गासाठी आहे. समोरून वाहन येणार नाही, ही तिची पूर्वअट होय. सार्वजनिक रस्त्यावर, विशेषतः घाटात, ही अट पाळली जात नाही. तिचे परिणाम या लेखाच्या अखेरच्या भागात दिले आहेत.

मूलभूत तत्त्व

वळणावरून जाणाऱ्या वाहनास वक्र मार्गावर ठेवण्यासाठी वळणाच्या केंद्राच्या दिशेने बल लागते. यास अभिकेंद्री बल म्हणतात. सपाट रस्त्यावर हे बल टायर आणि रस्ता यांमधील घर्षणातून मिळते. आवश्यक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि वळणाची त्रिज्या वाढल्यास कमी होते. घर्षणाला मर्यादा असल्यामुळे प्रत्येक त्रिज्येसाठी एक कमाल वेग ठरतो:

कमाल वेग = √(घर्षणांक × गुरुत्व त्वरण × त्रिज्या)

या सूत्रात वाहनाचे वस्तुमान येत नाही. घर्षणांक आणि गुरुत्व त्वरण वळणाच्या क्षणी चालकाच्या हाती नसतात. त्याच्या हाती असते ती फक्त त्रिज्या. रस्ता ज्या वक्रतेने बांधला आहे त्यापेक्षा मोठ्या त्रिज्येच्या कंसावरून वाहन नेणे, हे शर्यतरेषेचे मूळ सूत्र होय. त्यासाठी चालक वळणापूर्वी रस्त्याच्या बाहेरील कडेला राहतो, वळणाच्या मध्यावर आतील कडेला स्पर्श करतो आणि पुन्हा बाहेरील कडेला येतो. हा क्रम ‘बाहेर–आत–बाहेर’ असा लक्षात ठेवला जातो.

शाळेच्या मैदानावरील धावण्याच्या शर्यतीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १५०० मीटरच्या शर्यतीतील धावपटू वळणावर शक्य तितका आतल्या कडेने धावतो. त्याचा वेग पायांच्या ताकदीने व दमाने मर्यादित असतो, घर्षणाने नव्हे. म्हणून त्याच्यासाठी सर्वांत आखूड मार्ग हाच सर्वांत जलद मार्ग ठरतो. मोटारीचा वळणावरील वेग मात्र घर्षणाने मर्यादित असतो. म्हणून तिच्या बाबतीत आतल्या कडेने जाणे तोट्याचे ठरते.

संख्यात्मक उदाहरण

एका काटकोनी वळणाच्या आतील कडेची त्रिज्या २० मीटर, वापरण्याजोगी रुंदी १० मीटर आणि घर्षणांक १ आहे, असे मानू. वाहनाची स्वतःची रुंदी येथे दुर्लक्षित केली आहे.

• आतील कडेला धरून: त्रिज्या २० मीटर, कमाल वेग सुमारे ५० किमी प्रतितास.
• रस्त्याच्या मध्यातून: त्रिज्या २५ मीटर, कमाल वेग सुमारे ५६ किमी प्रतितास.
• बाहेरील कडेला धरून: त्रिज्या ३० मीटर, कमाल वेग सुमारे ६२ किमी प्रतितास.
• बाहेर–आत–बाहेर: त्रिज्या सुमारे ५४ मीटर, कमाल वेग सुमारे ८३ किमी प्रतितास.

शेवटच्या रेषेची त्रिज्या भूमितीने काढता येते. काटकोनी वळणासाठी ती आतील त्रिज्या अधिक रुंदीच्या ३.४१ पट इतकी येते. याच दोन टोकांमधील अंतर मध्यातून सुमारे ८७.६ मीटर, तर शर्यतरेषेवरून सुमारे ८५ मीटर भरते. म्हणजे या वळणावर शर्यतरेषा मधल्या मार्गाहून जलद तर आहेच, शिवाय किंचित आखूडही आहे. आतल्या कडेचा मार्ग सुमारे ८० मीटरचा, म्हणजे सर्वांत आखूड आहे. पण वेग अत्यल्प असल्याने तो तोट्याचा ठरतो. प्रत्येक मार्गावर त्याचा कमाल वेग कायम राखला असे धरल्यास आतल्या कडेने सुमारे ५.७ सेकंद, मध्यातून ५.६ सेकंद आणि शर्यतरेषेवरून ३.७ सेकंद लागतात.

वळणाचे टप्पे

वळण हे पुढील चार टप्प्यांत विभागून अभ्यासले जाते.

१. ब्रेकचा टप्पा. वाहन सरळ रेषेत असताना वेग कमी केला जातो. ताशी १८० किमी वेगावरून ताशी ८३ किमीवर येण्यासाठी, घर्षणांक १ धरल्यास, सुमारे १०० मीटर अंतर लागते. याच टप्प्यात खालचा गिअर घेतला जातो.

२. प्रवेश. स्टिअरिंग वळवण्यास जेथे प्रारंभ होतो तो बिंदू. तो चुकल्यास पुढील सर्व टप्पे चुकतात.

३. अपेक्स. वाहन आतील कडेच्या सर्वांत जवळ येते तो बिंदू. मराठीत यास शिरोबिंदू म्हणता येईल. तथापि चालकांच्या बोलण्यात ‘अपेक्स’ हाच शब्द रूढ आहे.

४. निर्गम. स्टिअरिंग हळूहळू सरळ होत जाते, अ‍ॅक्सिलरेटर वाढत जातो आणि वाहन बाहेरील कडेकडे सरकते. वाहन बाहेरील कडेपर्यंत न येताच सरळ झाले, तर चालकाने उपलब्ध रुंदी किंवा उपलब्ध वेग वाया घालवला असे समजले जाते.

उशिराचा अपेक्स

वळणाच्या भौमितिक मध्यावर अपेक्स घेतल्यास वळणातील वेग सर्वाधिक होतो, परंतु संपूर्ण फेरीचा वेळ त्यामुळे सर्वांत कमी होतोच असे नाही. वळणानंतर लांब सरळ पट्टा असेल, तर निर्गमाच्या वेळचा वेग अधिक मोलाचा असतो, कारण त्याचा लाभ संपूर्ण पट्टाभर मिळत राहतो. ६०० मीटरच्या पट्ट्यावर एक वाहन सेकंदाला २३ मीटर आणि दुसरे २४ मीटर वेगाने शिरले व दोघांचेही त्वरण २ मीटर प्रतिवर्गसेकंद असले, तर दुसरे वाहन सुमारे ०.२८ सेकंद आधी पट्ट्याच्या टोकाला पोहोचते. सुरुवातीचा फरक ताशी जेमतेम ३.६ किमीचा असतो.

म्हणून चालक अशा वळणावर थोडा उशिरा व अधिक तीव्रतेने वळतो आणि अपेक्स मध्याच्या पुढे घेतो. वळणाच्या पहिल्या भागात त्याचा वेग कमी होतो, परंतु दुसरा भाग जवळजवळ सरळ होऊन अ‍ॅक्सिलरेटर लवकर दाबता येतो. ‘सावकाश आत, वेगाने बाहेर’ हे प्रशिक्षणातील सूत्र याच कारणाने रूढ झाले. याउलट अपेक्स फार लवकर घेतल्यास वळण संपण्यापूर्वीच रस्ता संपतो आणि वाहन बाहेरील कडेवरून खाली उतरते. नवशिक्या चालकांची ही सर्वसामान्य चूक आहे, कारण वळण दिसताच आत वळण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असते.

वळणापूर्वी लांब सरळ पट्टा असून वळणानंतर लगेच दुसरे वळण येत असेल, तर मात्र प्रवेशाचा वेग अधिक काळ टिकवणे फायद्याचे असते. त्यामुळे एकच नियम सर्व वळणांना लागू होत नाही.

घर्षणवर्तुळ आणि भारांतरण

टायरची पकड ही मर्यादित शिल्लक आहे. ती ब्रेक, वळण आणि त्वरण यांमध्ये वाटून वापरावी लागते. ही मर्यादा एका वर्तुळाने दाखवतात व त्यास घर्षणवर्तुळ म्हणतात. पकडीचा ८० टक्के भाग वळण्यासाठी खर्च होत असेल, तर ब्रेकसाठी २० टक्के नव्हे, तर ६० टक्के भाग उरतो, कारण ही दोन बले परस्परांना लंब असून त्यांची बेरीज पायथागोरसच्या प्रमेयानुसार होते. पकड पूर्णपणे वळण्यासाठी वापरली जात असेल, तर मात्र ब्रेकचा हलकासा स्पर्शही वाहन घसरवण्यास पुरेसा ठरतो.

यावरूनच ट्रेल ब्रेकिंग या तंत्राचे कारण कळते. यात वळणाच्या प्रारंभी ब्रेक एकदम न सोडता, स्टिअरिंग जसे वळत जाईल तसा तो क्रमाक्रमाने सोडला जातो. पकडीचा जेवढा वाटा वळण्यासाठी लागतो तेवढाच ब्रेककडून काढून घेतला जातो. निर्गमाच्या वेळी हाच क्रम उलटा होतो: स्टिअरिंग सरळ होईल त्या प्रमाणात अ‍ॅक्सिलरेटर वाढवला जातो.

ब्रेक दाबल्यावर वाहनाचा भार पुढील चाकांवर, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मागील चाकांवर आणि वळताना बाहेरील चाकांवर जातो. यास भारांतरण म्हणतात. भार वाढला की त्या चाकाची पकड वाढते, परंतु भाराच्या प्रमाणात वाढत नाही. वळणाच्या मध्यावर भीतीने अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडल्यास भार अकस्मात पुढे जातो, मागील चाके हलकी होतात आणि वाहनाची मागची बाजू बाहेर फेकली जाते. म्हणून हातापायांच्या हालचाली संथ व सलग असाव्यात, यावर प्रशिक्षक भर देतात.

अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर

पुढील चाकांची पकड आधी सुटल्यास स्टिअरिंग वळवूनही वाहन पुरेसे वळत नाही व वळणाच्या बाहेर जाऊ लागते. यास अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी स्टिअरिंग आणखी वळवल्याने उपयोग होत नाही. अ‍ॅक्सिलरेटर हळुवार कमी करून पुढील चाकांना पकड परत मिळू द्यावी लागते. मागील चाकांची पकड आधी सुटल्यास वाहन गरजेपेक्षा अधिक वळते. यास ओव्हरस्टिअर म्हणतात. मागची बाजू ज्या दिशेने घसरत असेल त्याच दिशेने स्टिअरिंग वळवणे, हा त्यावरील उपाय होय. वेग अधिक ठेवून प्रवेश केल्यास बहुधा पहिला दोष उद्भवतो आणि त्याला घाईने दिलेल्या प्रतिसादातून दुसरा.

वळणांचे प्रकार

हेअरपिन. सुमारे १८० अंशांचे, लहान त्रिज्येचे वळण. येथे वेग फारच कमी असतो, म्हणून उशिराचा अपेक्स व निर्गम यांस प्राधान्य दिले जाते.

शिकेन व एस-वळणे. एकमेकांना लागून असलेली विरुद्ध दिशांची वळणे. पहिल्या वळणाचा निर्गम हाच दुसऱ्याचा प्रवेश असल्यामुळे पहिल्यावर मुद्दाम वेग सोडून शेवटच्या वळणाची रेषा राखली जाते.

दोन अपेक्सचे वळण. लांबलचक वळणावर वाहन आतील कडेला एकदा स्पर्श करून थोडे बाहेर येते व पुन्हा आत जाते.

आकुंचित होत जाणारे वळण. पुढे त्रिज्या कमी होत जाते, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी योग्य वाटलेला वेग पुढे अतिरिक्त ठरतो. अपेक्स शक्य तितका उशिरा घेणे येथे हिताचे असते.

कलते वळण. रस्ता आतील बाजूस उतरता असल्यास वाहनाच्या वजनाचा काही भाग अभिकेंद्री बलास साहाय्य करतो व अधिक वेग शक्य होतो. मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे २०२१ साली उद्घाटन झालेला ‘नॅट्रॅक्स’ हा ११.३ किमी लांबीचा चाचणीमार्ग अशा कलत्या वळणांचा आहे. कल बाहेरील बाजूस असल्यास परिणाम नेमका उलट होतो.

ओला रस्ता

पावसात घर्षणांक निम्म्यावर आला असे मानल्यास कमाल वेग निम्मा होत नाही, तर सुमारे ०.७१ पट होतो. वरील उदाहरणातील ८३ किमीचा वेग सुमारे ५९ किमीवर येतो. ब्रेकचे अंतर मात्र दुपटीने वाढते. कोरड्या हवेत उपयुक्त ठरलेला रबराचा थर पाण्याने निसरडा होतो, म्हणून अनुभवी चालक पावसात नेहमीची रेषा सोडून खरबरीत पृष्ठभाग शोधतात.

सुधारणेची पद्धत

वळणतंत्र सुधारण्यासाठी सर्वसाधारणपणे पुढील क्रम सुचवला जातो.

• सर्किट प्रथम पायी फिरून पाहावे. कल, खाचखळगे व कडेची उंची वाहनातून नीट लक्षात येत नाही.
• ब्रेक, प्रवेश, अपेक्स व निर्गम यांसाठी स्थिर खुणा ठरवाव्यात. सावली किंवा उभे वाहन ही खूण होऊ शकत नाही.
• आधी निर्गमाचा बिंदू ठरवून तेथून मागे येत अपेक्स व प्रवेश ठरवावा.
• आरंभी कमी वेगाने रेषा अचूक करावी व नंतर वेग वाढवावा. वेगाबरोबर रेषाही बदलत राहिल्यास चूक कोठे झाली हे कळत नाही.
• एका वेळी एकाच वळणात एकच बदल करावा.
• दृष्टी नेहमी पुढील बिंदूवर असावी. प्रवेशाच्या वेळी अपेक्सकडे आणि अपेक्सच्या आधीच निर्गमाकडे पाहावे.
• सुधारणा मोजण्यासाठी सरळ पट्ट्यावरील एका ठरावीक खुणेजवळचा वेग नोंदवावा. वळणात वेग जास्त असल्याची भावना पुष्कळदा फसवी असते.

इतिहास

शर्यतरेषेचे पद्धतशीर विवेचन विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले. १९५७ची ‘मिल्ले मिलिया’ ही शर्यत जिंकणारे इटालियन चालक पिएरो तारुफी हे अभियंताही होते. त्यांनी वळणांचे भौमितिक विश्लेषण ग्रंथरूपाने मांडले. १९६०च्या ‘ल मां’ शर्यतीचे सहविजेते, बेल्जियमचे पत्रकार व चालक पॉल फ्रेर यांनीही या विषयावर लेखन केले. पुढे वाहनात बसवलेल्या नोंदणी उपकरणांमुळे प्रत्येक बिंदूवरील वेग, ब्रेकचा दाब व स्टिअरिंगचा कोन यांची तुलना शक्य झाली.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती

भारतात पूर्वी मोटार शर्यती मुख्यतः विमानांच्या धावपट्ट्यांवर होत. चेन्नईजवळचे शोलावरम हे त्यांतील प्रसिद्ध ठिकाण. त्यानंतर चेन्नईजवळच इरुंगट्टुकोट्टै येथे व पुढे कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे ही कायमस्वरूपी सर्किटे उभी राहिली. उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट सुमारे ५.१ किमी लांबीचे असून त्यात १६ वळणे आहेत. तेथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनची भारतीय ग्रांप्री झाली व तिन्ही वेळा जर्मनीचे सेबास्टियन व्हेटेल विजयी झाले. या सर्किटवरील तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून अधिक लांबीचा सरळ पट्टा येतो. त्यामुळे निर्गमाला प्राधान्य देण्याचे ते उत्तम उदाहरण आहे. दहाव्या वळणापासून सुरू होणारा लांब उजवा वक्र अनेक अपेक्सच्या वळणाचा नमुना आहे.

महाराष्ट्रात कोल्हापूर हे मोटार क्रीडेचे महत्त्वाचे केंद्र मानले जाते. तेथील मोहिते परिवाराच्या कार्टिंग मार्गावर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक यांनी ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत भाग घेतला. मुंबईचे जेहान दारूवाला यांनी डिसेंबर २०२० मध्ये बहारीनमधील साखीर येथे फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. या मालिकेतील शर्यत जिंकणारे ते पहिले भारतीय चालक ठरले. बहुतेक चालकांचे वळणतंत्राचे शिक्षण कार्टिंगमधून सुरू होते, कारण कार्टमध्ये पकड सुटल्याची जाणीव शरीराला तत्काळ होते आणि वेग तुलनेने मर्यादित असतो.

घाटरस्ते आणि शर्यतरेषा

बीड जिल्ह्यातून बालाघाटची डोंगररांग जाते. धुळे–सोलापूर महामार्गावरील मांजरसुंबा घाट आणि किल्ले धारूर ते तेलगाव मार्गावरील धारूर घाट हे तेथील परिचित घाटरस्ते होत. सर्किट उपलब्ध नसलेल्या भागांत वळणांचे आकर्षण असलेले तरुण अशाच रस्त्यांकडे वळतात. म्हणून सर्किट आणि घाट यांतील फरक समजून घेणे आवश्यक ठरते.

भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. दुपदरी रस्त्याच्या उजव्या वळणावर आतील कड म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनाची मार्गिका असते. तेथे अपेक्स घेणे म्हणजे, डोंगरकड्याआड समोरचे काही दिसत नसताना, त्या मार्गिकेत शिरणे होय. डाव्या वळणावर ‘बाहेरून प्रवेश’ घेतल्यास हाच धोका वळणाच्या आरंभी व अखेरीस उद्भवतो. वरील उदाहरणात वेग ५६ वरून ८३ किमीवर गेला तो संपूर्ण १० मीटर रुंदी वापरल्यामुळे. स्वतःच्या मार्गिकेपुरती ३.५ मीटर रुंदी घेतल्यास, वाहनाची रुंदी वजा जाता, हा लाभ फारच थोडा उरतो.

घाटात आणखी काही बाबी भर घालतात. ऊस गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर या भागातील रस्त्यांवरून धावतात. वळताना ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा आतून जातात, त्यामुळे अशा वाहनास वळणावर अधिक जागा लागते. उंच भारामुळे ते घसरण्याआधी कलंडण्याची शक्यता असते. उतारावर ब्रेकचे अंतर वाढते आणि सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. म्हणून खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाने उतरणे योग्य. अरुंद चढावर वर जाणाऱ्या वाहनास प्रथम वाट देण्याचा नियम आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम १८९ अन्वये सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना शर्यत लावणे हा गुन्हा असून २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शर्यतीतील काही सवयी मात्र घाटातही उपयुक्त आहेत: वळणापूर्वी सरळ रेषेत वेग कमी करणे, गिअर आधीच बदलणे, स्टिअरिंगला हिसका न देणे, दृष्टी दूरवर ठेवणे आणि वळणाचा शेवट दिसल्यावरच वेग वाढवणे. सर्किटवर वेगाची मर्यादा टायरची पकड ठरवते. घाटात ती दृष्टीच्या टप्प्याने ठरते. जेवढा रस्ता मोकळा दिसतो तेवढ्या अंतरात वाहन थांबवता येईल, इतकाच वेग तेथे सुरक्षित असतो.

हेही पहा

• अभिकेंद्री बल
• घर्षण
• कार्टिंग
• फॉर्म्युला वन
• बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट
• बालाघाट डोंगररांग